गॅस किटच्या गाडीत चेक लाइट लागला? आधी पेट्रोलवर चालवून बघा, मग पार्ट बदला

तालुक्याच्या ठिकाणी सीएनजीचा पंप सुरू झाला की आसपासच्या गावांतल्या पेट्रोल गाड्यांना बाहेरून किट बसायला लागतात. इको, व्हॅन, वॅगन-आर अशा गाड्या घरच्या कामालाही असतात आणि बाजाराच्या दिवशी माल-माणसं न्यायलाही. अ‍ॅव्हरेज परवडतं, मालक खूश असतो. मग कधीतरी मीटरवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो आणि विझायचं नाव घेत नाही.

इथून मालकाची फेरी सुरू होते. किटवाला म्हणतो, गाडीचा सेन्सर गेला. गॅरेजवाला म्हणतो, किट काढा, सगळं ठीक होईल. शोरूमवाले म्हणतात, बाहेरचं किट आहे, आम्ही हात लावणार नाही. कोणी ऑक्सिजन सेन्सर बदलतो, कोणी कॉइल. पैसे जातात आणि दिवा आठ दिवसांनी परत लागतो.

हा दिवा कोणता पार्ट गेला ते सांगत नाही. गाडीच्या कॉम्प्युटरला काहीतरी हिशेबात बसत नाही, एवढंच तो सांगतो. दोष पेट्रोलवरही आहे की फक्त गॅसवर, हे मात्र मालकाला स्वतः बघता येतं. ते कळलं की कोणाकडे जायचं आणि काय तपासायला सांगायचं, हे बरंचसं ठरतं.

दिव्याचा रंग आणि वागणं आधी बघा

चावी ऑन केली की हा दिवा लागलाच पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. इंजिन सुरू असताना तो दोन प्रकारे दिसतो.

पिवळा आणि स्थिर: दोष नोंदला गेला आहे. गाडी नीट चालत असेल तर घरी किंवा गॅरेजपर्यंत नेता येते, पण महिनोन्‌महिने तसंच चालवू नये.

पिवळा आणि लुकलुकणारा: इंजिन जोरात मिसिंग करतंय. न जळलेलं इंधन सायलेन्सरच्या वाटेतल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो तापून खराब होतो. हा पार्ट महाग आहे. लगेच वेग कमी करा, गाडी गॅसवर असेल तर पेट्रोलवर घ्या. तरीही लुकलुकणं थांबलं नाही तर गाडी बाजूला उभी करा.

ऑइलचा किंवा तापमानाचा लाल दिवा ही वेगळी गोष्ट आहे. तो लागला तर गाडी तिथेच थांबवायची, पुढे रेटायची नाही.

किटच्या गाडीत दोन कॉम्प्युटर असतात

सध्याच्या बहुतेक गाड्यांना सिक्वेन्शियल किट बसतं. त्यात कंपनीचा कॉम्प्युटर वेगळा आणि किटचा वेगळा. कंपनीचा कॉम्प्युटर नेहमीप्रमाणे पेट्रोलचा इंजेक्टर किती वेळ उघडायचा ते ठरवतो. किटचा कॉम्प्युटर तो वेळ मोजतो, त्याला आपल्या नकाशातल्या आकड्याने गुणतो आणि तेवढा वेळ गॅसचा इंजेक्टर उघडतो. त्याच वेळी पेट्रोलचा इंजेक्टर तोडलेला असतो. पण कंपनीच्या कॉम्प्युटरला तो जोडलेलाच वाटावा म्हणून किटमध्ये एक नकली भार दिलेला असतो. त्याला इम्युलेटर म्हणतात.

थोडक्यात, गाडी गॅसवर चालली आहे हे कंपनीच्या कॉम्प्युटरला माहीतच नसतं. तो सायलेन्सरमधल्या ऑक्सिजन सेन्सरकडून एवढंच विचारतो की मिश्रण बरोबर आहे का. गॅस कमी गेला तर त्याला वाटतं पेट्रोल कमी जातंय आणि तो इंधन वाढवत नेतो. वाढवण्याची मर्यादा संपली की दिवा लावतो. म्हणून गॅसच्या फिल्टरमधला कचरा मीटरवर 'इंधन कमी' असा दिसतो आणि बिचारा सेन्सर बदलला जातो. त्याने फक्त खरं तेच सांगितलेलं असतं.

कोड वाचायचा, पण पुसायची घाई नको

बीएस-४ गाड्यांना एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ ही स्वतःची तपासणी करणारी यंत्रणा सक्तीची झाली. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि नियम आणखी कडक झाले. या गाड्यांत स्टेअरिंगच्या खाली १६ पिनांचं सॉकेट असतं. गॅरेजवाला स्कॅनर तिथेच लावतो.

तिथे लागणारा छोटा ब्लूटूथ स्कॅनर काही शे रुपयांपासून ऑनलाइन मिळतो आणि मोबाइलमधल्या अ‍ॅपवर कोड दाखवतो. अँड्रॉइड फोनला साधा ब्लूटूथवाला चालतो, आयफोनसाठी वायफाय किंवा लो एनर्जी ब्लूटूथवाला घ्यावा लागतो. फार स्वस्त नकली स्कॅनर काही गाड्यांना जोडले जात नाहीत, त्यामुळे परत करता येईल अशाच ठिकाणाहून घ्यावा. काम झालं की तो सॉकेटमधून काढून ठेवावा.

कोड दिसला की आधी स्क्रीनशॉट काढा. सोबत 'फ्रीझ फ्रेम' असेल तर तीही जपा. दोष नोंदला तेव्हा इंजिन किती फेऱ्यांवर होतं, किती गरम होतं, गाडी किती वेगात होती, हे त्यात असतं. गाडी तेव्हा गॅसवर होती की पेट्रोलवर, हे मात्र त्यात नसतं. कारण बाहेरच्या किटची कॉम्प्युटरला खबरच नसते. ते चालवणाऱ्यानेच वहीत किंवा मोबाइलवर लिहून ठेवायचं: गॅस की पेट्रोल, चढ की सपाट, गाडी भरलेली की रिकामी.

बॅटरीची तार काढून दिवा विझवायचा सल्ला बरेच जण देतात. त्याने अनेक गाड्यांत कोडबरोबर ही सगळी नोंदही पुसली जाते. दोष तिथेच राहतो आणि शोधायचा पुरावा जातो.

मुख्य परीक्षा: पेट्रोलवर दोन-तीन दिवस

दिवा लुकलुकत नसेल आणि गाडी बरी चालत असेल तरच हे करायचं.

१. टाकीत पाच-दहा लिटर ताजं पेट्रोल टाका.

२. कोडचा स्क्रीनशॉट काढून मगच कोड पुसा.

३. गाडी फक्त पेट्रोलवर दोन-तीन दिवस चालवा. रोज सकाळी थंड इंजिन सुरू करा, नेहमीच्याच रस्त्याने, नेहमीच्याच लोडवर. बरेच दोष लागोपाठ दोन फेऱ्यांत दिसल्याशिवाय दिवा लागत नाही, म्हणून एका चकरेवर निकाल लावू नका.

४. दिवा लागला नाही तर गाडी गॅसवर घ्या आणि तोच रस्ता, तोच लोड ठेवून परत दोन-तीन दिवस चालवा.

निकाल तीन प्रकारे येतो.

फक्त गॅसवर लागला: गॅसचा फिल्टर, रेग्युलेटरचा दाब, गॅसचे इंजेक्टर, किटचा नकाशा, किटचं वायरिंग, हे बघायचं. पण गॅसवर मिसिंगचा कोड आला असेल तर किटला दोष देण्याआधी स्पार्क प्लग आणि कॉइल तपासा. गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त दाबाची ठिणगी लागते. थकलेला प्लग पेट्रोलवर निभावून नेतो आणि गॅसवर उघडा पडतो.

दोन्हीवर लागला: दोष दोन्हींच्या सामायिक वाटेत आहे. हवा ओढणं, प्लग, कॉइल, ऑक्सिजन सेन्सर, सायलेन्सरची गळती, टॅपेट, बॅटरी-अर्थिंग. किट बसवताना इनटेक मॅनिफोल्डला भोकं पाडून गॅसची नोझल बसवलेली असतात. तिथून बाहेरची हवा आत जात असेल तर दिवा दोन्ही इंधनांवर लागतो.

फक्त पेट्रोलवर लागला: वर्षभर गॅसवरच चालवलेल्या गाडीत हे होतं. पेट्रोल इंजेक्टर न वापरल्याने चिकटतात, टाकीतलं पेट्रोल जुनं होतं. टाकी रिकामी ठेवून गॅसवर पळवलेल्या गाडीत पंपही जातो, कारण टाकीतला पंप पेट्रोलमुळेच थंड राहतो आणि बऱ्याच गाड्यांत तो गॅसवरही फिरत असतो. म्हणून टाकीत कायम थोडं पेट्रोल ठेवावं आणि आठवड्यातून काही किलोमीटर गाडी पेट्रोलवर चालवावी.

नेहमी दिसणारे कोड आणि त्यांचा अर्थ

कोडमध्ये 'पी' अक्षर आणि पुढे चार आकडे असतात.

पी०१७१: मिश्रणात इंधन कमी, हवा जास्त. किटच्या गाड्यांत हा बऱ्याचदा दिसतो. गॅसवरच येत असेल तर फिल्टर, दाब आणि नकाशा. दोन्हीवर येत असेल तर हवेची गळती आधी बघा.

पी०१७२: इंधन जास्त. रेग्युलेटरचा दाब जास्त, गळका इंजेक्टर, चुकीचा नकाशा किंवा तुंबलेला एअर फिल्टर.

पी०३००: मिसिंग होतंय, पण एका ठरावीक सिलिंडरमध्ये नाही. पी०३०१ ते पी०३०४ म्हणजे अनुक्रमे पहिल्या ते चौथ्या सिलिंडरमध्ये. एकाच सिलिंडरचा कोड असेल तर त्याची कॉइल शेजारच्या सिलिंडरला लावून बघा. कोड कॉइलबरोबर सरकला तर कॉइल खराब. न सरकल्यास प्लग, इंजेक्टर, टॅपेट.

पी०२०१ ते पी०२०४: पेट्रोल इंजेक्टरचं सर्किट तुटलेलं दिसतंय. किटच्या गाडीत इंजेक्टर बदलण्याआधी इम्युलेटर आणि त्याची जोडणी बघा.

पी०४२०: कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नाही. बरेच दिवस मिसिंग करत गाडी चालवली की हा मागून येतो. आधी मिसिंग काढा, नाहीतर नवा कन्व्हर्टरही जाईल.

पी०५६२: गाडीला विजेचा दाब कमी मिळतोय. बॅटरी, अल्टरनेटर, अर्थिंग.

गॅस किटचं इंजिन जास्त चाललं की व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत झिजत आत बसतात आणि टॅपेटचं अंतर कमी होतं. व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, सकाळी इंजिन थरथरतं, मिसिंगचा कोड येतो. प्लग-कॉइल बदलूनही फरक नसेल तर टॅपेटचं अंतर आणि कॉम्प्रेशन मोजून घ्यावं.

एक आकडा कामाचा: फ्युएल ट्रिम

स्कॅनर अ‍ॅपमध्ये 'शॉर्ट टर्म' आणि 'लाँग टर्म' फ्युएल ट्रिम असे दोन आकडे टक्क्यांत दिसतात. कॉम्प्युटर ठरलेल्या मापापेक्षा किती इंधन वाढवतोय किंवा कमी करतोय, ते यात कळतं. दोन्हींची बेरीज अधिक १० ते उणे १० च्या आत असेल तर ठीक. अधिक २० च्या पुढे गेली की इंधन कमी पडतंय आणि दिव्याची वेळ जवळ आली.

इंजिन गरम करून पेट्रोलवर आकडा बघा, मग गॅसवर घेऊन बघा. समजा पेट्रोलवर अधिक ३ आणि गॅसवर अधिक २२ आला, तर इंजिन चांगलं आहे, गॅस कमी जातोय. दोन्हीवर सारखाच जास्त असेल तर किटच्या नकाशाला हात लावू देऊ नका, दोष दुसरीकडे आहे. गॅसवरून पेट्रोलवर आल्यावर लाँग टर्मचा आकडा लगेच बदलत नाही, त्यामुळे थोडं अंतर चालवून मगच वाचा.

आणखी एक खूण आहे. जागेवर उभ्या गाडीत आकडा जास्त आणि अडीच हजार फेऱ्यांवर कमी झाला तर कुठेतरी हवा ओढतेय. उलट, चढाला आणि लोडवर वाढत असेल तर इंधनच पुरत नाही. चालत्या गाडीत आकडे शेजारी बसलेल्याने बघायचे, चालवणाऱ्याने नाही.

किटवाल्याकडे गेल्यावर लॅपटॉप लावून रस्त्यावर, लोड घेऊन ट्यूनिंग करून मागा. जागेवर उभी करून केलेलं ऑटो कॅलिब्रेशन ही फक्त सुरुवात असते.

वायरिंग, उंदीर आणि जास्तीचे दिवे

किट बसवताना मूळ वायरिंग ठिकठिकाणी सोलून जोड दिलेले असतात. नुसता पीळ मारून टेप गुंडाळलेला जोड धूळ, ओल आणि थरथरीने सैल होतो. दिवा खराब रस्त्यावर लागतो आणि डांबरीवर विझतो, अशी तक्रार असेल तर जोड आधी तपासा. जोड डाख देऊन वर स्लीव्ह घातलेला असावा.

गाडी गोठ्याशेजारी किंवा धान्याच्या खोलीजवळ उभी राहत असेल तर उंदरांनी वायर कुरतडली नाही ना, ते बॉनेट उघडून बघा. प्रेशरच्या पाण्याने इंजिन धुतल्यावर दुसऱ्याच दिवशी दिवा लागला असेल तर कनेक्टरमध्ये पाणी गेल्याची शक्यता मोठी असते.

मोठे एलईडी बार, हॉर्न, अ‍ॅम्प्लिफायर हेही दोष आणतात. त्यांची तार बॅटरीवरून फ्यूज आणि रिले लावून स्वतंत्र घ्यावी, सेन्सरच्या वायरीतून नव्हे. बंद गाडीत बॅटरी साधारण साडेबारा व्होल्ट आणि चालू गाडीत साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दाखवते. सगळे दिवे लावल्यावर चालू गाडीतही तेरा व्होल्टच्या खाली जात असेल तर सेन्सरला दोष देण्यात अर्थ नाही.

डिझेल गाड्यांत वेगळा प्रकार होतो. पिकअप वाढावा म्हणून ईजीआरला पत्रा मारून वाट बंद करतात. कॉम्प्युटर ती वाट तपासतो आणि पी०४०१ देऊन दिवा लावतो. तिथे दोष शोधायचा नसतो, पत्रा काढून ईजीआर साफ करायचा असतो.

दिवा दाबून टाकणं महागात पडतं

काही ठिकाणी दिव्याची जोडणीच तोडतात किंवा सेन्सरला फसवणारा तुकडा लावतात. दिवा गेला म्हणून मालक निवांत होतो. पुढे खरोखर मिसिंग सुरू झालं तर कळायला मार्ग राहत नाही.

सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांनी म्हणूनच चावी ऑन करून बघावं. इंजिन सुरू करण्याआधी हा दिवा लागत नसेल तर सौदा थांबवा. स्कॅनरच्या अ‍ॅपमध्ये 'रेडिनेस' नावाची यादी असते. तिच्यात बऱ्याच तपासण्या अपूर्ण दिसल्या तर कोड नुकताच पुसलेला असू शकतो. गाडी आठ दिवस चालवूनच पैसे देण्याचं बोला.

दोष खरोखर निघाला तर लागोपाठ तीन फेऱ्या नीट झाल्यावर दिवा आपोआप विझतो. जुना कोड नोंदीत राहतो आणि इंजिन ४० वेळा थंडाचं गरम झाल्यावर निघून जातो.

कागद आणि सिलिंडर

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मान्यताप्राप्त किटच बसवायचं असतं आणि बदल झाल्यापासून १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर नोंद करून घ्यायची असते. विमा कंपनीलाही कळवावं. नोंद नसेल तर अपघातानंतर क्लेम अडकू शकतो. बीएस-६ पेट्रोल गाड्यांना बाहेरून किट बसवायचे नियम २०२२ मध्ये आले. त्यामुळे नव्या गाडीला किट बसवताना ते त्याच मॉडेलसाठी मंजूर आहे का, हे कागदावर बघून घ्या.

सीएनजी सिलिंडरची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी करावी लागते. सिलिंडरमध्ये सुमारे २०० बार दाब असतो, त्यामुळे जास्त दाबाच्या नळीला गावातल्या मिस्त्रीकडून हात लावून घेऊ नये. वास आला तर गाडी मोकळ्या जागी बंद करा, काचा-दारं उघडा, सिलिंडरचा व्हॉल्व्ह हाताने बंद करा. गळती काडी पेटवून कधीच शोधायची नाही, साबणाच्या फेसाने शोधायची.

गॅरेजला जाण्याआधी एवढं जवळ ठेवा

– कोड आणि फ्रीझ फ्रेमचा स्क्रीनशॉट
– दिवा गॅसवर लागला, पेट्रोलवर की दोन्हीवर
– दोन्ही इंधनांवरचे फ्युएल ट्रिमचे आकडे
– प्लग, गॅस फिल्टर आणि एअर फिल्टर शेवटचा कधी बदलला
– दिवा लागण्याआधीच्या आठवड्यात काय काम झालं: धुलाई, नवे दिवे, बॅटरी, किटचं काम

हे समोर ठेवून मिस्त्रीला एकच विचारायचं: हा पार्ट खराब आहे हे कशावरून ठरवलं? कोड आला म्हणून, असं उत्तर आलं तर पार्ट बदलू नका. मोजून बघितलं, अदलाबदल करून बघितलं, दाब तपासला, असं उत्तर आलं तर पैसे योग्य ठिकाणी जातायत असं समजायला हरकत नाही. बदललेला जुना पार्ट मात्र मागून घ्या.